हृदयतालातील अनियमितता आणि अमिनो आम्ल पूरके : पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी, अपुरी झोप व वारंवार चहा यांमुळे छातीत धडधड जाणवू शकते. मात्र तेच हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. टॉरिन व एल-आर्जिनिन ही अमिनो आम्ले डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळतात. ती हृदयाचा ताल सुधारतात, या दाव्यामागील पुरावा प्रस्तुत लेखात तपासला आहे.

दाव्याचा आधार :
टॉरिन हृदयपेशींत विपुल असते व कॅल्शियमच्या नियमनास साहाय्य करते. आर्जिनिनपासून शरीरात रक्तवाहिन्या शिथिल करणारे नायट्रिक ऑक्साइड तयार होते. 2006 मध्ये एबी व हॅलकॉम्ब यांनी 'मेडिकल हायपॉथेसिस' या नियतकालिकात तीन व्यक्तींचे वृत्तांत मांडले. दररोज 10 ते 20 ग्रॅम टॉरिन व त्यास 4 ते 6 ग्रॅम आर्जिनिनची जोड दिल्यावर अनियमित ठोके जवळजवळ थांबले, असे त्यांत नमूद आहे. तथापि, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्या काळी या नियतकालिकात समवयस्क तज्ज्ञांकडून परीक्षण होत नसे. अनियमित ठोके आपोआपही कमी-अधिक होतात. म्हणून हे वृत्तांत गृहीतक सुचवतात, ते सिद्ध करीत नाहीत.

नियंत्रित चाचण्यांचा धडा :
त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 रुग्णांवरील आर्जिनिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी 6 रुग्ण दगावले, प्लासिबो गटात एकही नाही. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेली 'कास्ट' चाचणी याहून बोलकी आहे. एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी अनियमित ठोके दबले. परंतु औषध घेणाऱ्या 755 रुग्णांपैकी 63, तर प्लासिबो घेणाऱ्या 743 पैकी 26 मृत्यू पावले. ठोके कमी होणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
टॉरिनवर अधिक संशोधन होणे योग्य आहे. परंतु हृदयताल सुधारण्यासाठी ही पूरके सुचवावीत इतका पुरावा आज नाही. धडधड वारंवार होत असल्यास प्रथम हृदयाचा विद्युतालेख काढणे आवश्यक ठरते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. त्यावर दिलेले रक्त पातळ ठेवणारे औषध सोडून पूरकावर विसंबणे जिवावर बेतू शकते.