मोठे टायर, उंच केलेली गाडी आणि ॲक्सलचा गिअर रेशो

रायपूरहून धमतरी, कांकेरमार्गे जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० केशकालपाशी घाट चढून बस्तरच्या पठारावर पोहोचतो. वळणांमुळे लोक या घाटाला 'बारा भंवर' म्हणतात. जाताना चढ, येताना उतार. एखाद्या पिकअपला मोठे टायर बसवले, स्प्रिंगखाली पॅकिंग घालून ती उंच केली आणि याच घाटात नेली, तर दोन तक्रारी ऐकू येतात. चढताना 'गाडी ओढत नाही', आणि उतरताना 'ब्रेक जोरात दाबावा लागतो'. पहिल्या तक्रारीवर ॲक्सलचा रेशो बदलणे हा उपाय आहे. दुसऱ्या तक्रारीचा मोठा भाग मात्र त्या उपायाने सुटत नाही. असे का, हे या पाठात आकडेमोड करून पाहू.

१. ॲक्सल रेशो म्हणजे काय?

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टवर येते आणि तिथून मागच्या ॲक्सलमध्ये जाते. तिथे छोटा पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. मेकॅनिक या जोडीला 'क्राउन-पिनियन' म्हणतात. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे ॲक्सल रेशो. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर रेशो ४.१० होतो. याचा अर्थ असा की शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग जितक्या पटीने कमी होतो, तितक्याच पटीने टॉर्क वाढतो (घर्षणात जाणारा थोडा भाग सोडून).

इथे एक शब्द घोटाळा करतो. आकडा मोठा असलेल्या रेशोला बोलीभाषेत 'लो' म्हणतात, कारण त्यात चाक सावकाश फिरते. म्हणून ४.८८ हा ४.१० पेक्षा 'लो' आहे. गोंधळ टाळण्यासाठी या पाठात आपण फक्त 'मोठा आकडा' आणि 'लहान आकडा' असेच म्हणू.

२. टायर मोठा झाला की काय बदलते?

टायरवरील आकड्यांवरून त्याचा व्यास काढता येतो. २३५/७० आर १६ या टायरची रुंदी २३५ मिमी असते, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १६ इंची, म्हणजे ४०६.४ मिमी.

व्यास = ४०६.४ + (२ × ०.७० × २३५) = ७३५.४ मिमी

आता त्याच रिमवर २८५/७५ आर १६ बसवू.

व्यास = ४०६.४ + (२ × ०.७५ × २८५) = ८३३.९ मिमी

दोघांचे गुणोत्तर ८३३.९ ÷ ७३५.४ = १.१३४. चाक एका फेऱ्यात १३.४ टक्के जास्त अंतर कापते. म्हणजेच कोणी पाना न लावता गाडीचे सगळे गिअर १३.४ टक्क्यांनी 'लांब' झाले.

प्रत्यक्षात वजनामुळे टायर थोडा दबतो. म्हणून कागदावरचा व्यास आणि रस्त्यावरचा व्यास यांत फरक पडतो. खरा आकडा हवा असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, भरलेली गाडी सरळ रेषेत एक फेरा ढकला आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. त्याला ३.१४ ने भागले की काम भागवणारा व्यास मिळतो.

लक्षात ठेवा: स्प्रिंग उंच केल्याने रेशोची गरज बदलत नाही. ती गरज टायरचा व्यास ठरवतो. उंचीमुळे इतर परिणाम होतात, ते पुढे पाहू.

३. मूळ सूत्र

पूर्वीची ओढ परत हवी असेल तर:

नवा रेशो = जुना रेशो × (नवा व्यास ÷ जुना व्यास)

आपल्या उदाहरणात ४.१० × १.१३४ = ४.६५.

पण ४.६५ ची जोडी बाजारात मिळेलच असे नाही. क्राउन-पिनियन ठरावीक दातांच्या जोड्यांत येतात. ४१ आणि ९ दातांची जोडी ४.५६ देते, ३९ आणि ८ ची जोडी ४.८८ देते. उत्तर या दोघांच्या मध्ये पडले. निवड करण्यासाठी आता घाट आणि महामार्ग दोन्ही तपासावे लागतील.

४. घाट चढताना

समजा गाडीचे वजन भरून २५०० किलो आहे आणि चढ दर १०० मीटरला ५.५ मीटर आहे. (हे आकडे सरावासाठी घेतले आहेत.) गाडीला मागे ओढणारी बले अशी:

चढामुळे: २५०० × ९.८१ × ०.०५५ = सुमारे १३५० न्यूटन
टायरच्या लोळणीचा रोध: २५०० × ९.८१ × ०.०१५ = सुमारे ३७० न्यूटन
हवेचा रोध (वेग ५० किमी/तास धरून): सुमारे १५० न्यूटन
एकूण: सुमारे १८७० न्यूटन

इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, चौथा गिअर थेट म्हणजे १.०, आणि वाटेतील कार्यक्षमता ०.९ धरू. चाकावरील कर्षण बल म्हणजे हा सगळा गुणाकार भागिले चाकाची त्रिज्या.

जुना टायर, ४.१०: २०० × ४.१० × ०.९ ÷ ०.३६८ = सुमारे २०१० न्यूटन. चढ चौथ्यात निघतो.
नवा टायर, ४.१०: सुमारे १७७० न्यूटन. १०० न्यूटन कमी पडतात, तिसरा टाकावा लागतो.
नवा टायर, ४.५६: सुमारे १९७० न्यूटन. पुन्हा चौथ्यात निघतो, पण हातात फार काही उरत नाही.
नवा टायर, ४.८८: सुमारे २११० न्यूटन. मूळ गाडीपेक्षाही थोडी जास्त ओढ.

५. सपाट महामार्गावर

८० किमी/तास म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. याला चाकाच्या परिघाने भागून रेशोने गुणले की थेट गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला फेरे असे येतात:

जुना टायर, ४.१०: सुमारे २३६५
नवा टायर, ४.१०: सुमारे २०८५
नवा टायर, ४.५६: सुमारे २३२०
नवा टायर, ४.८८: सुमारे २४८५

कमी फेरे म्हणजे डिझेलची बचत, असे वाटू शकते. पण टर्बो डिझेल इंजिन एका मर्यादेखाली पुरेसा टॉर्क देत नाही. मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो, इंजिन कण्हते आणि क्लचवर ताण येतो. उलट, फार मोठा आकडा निवडला तर सपाट रस्त्यावर इंजिन विनाकारण ओरडत राहते.

म्हणून नियम असा: गाडी बहुतेक वेळ रायपूर-भिलाईसारख्या सपाट रस्त्यावर आणि हलक्या भाराने धावणार असेल तर ४.५६. घाट, कच्चा रस्ता आणि भरलेला माल हेच रोजचे काम असेल तर ४.८८. टायर आकाराने मोठे असतात तसे वजनालाही जड असतात, त्यामुळे शंका असेल तेव्हा मोठ्या आकड्याकडे झुकणे सहसा ठीक ठरते.

६. घाट उतरताना: रेशो काय परत देत नाही

आता परतीचा प्रवास. उतारावर गाडी दोन गोष्टींनी आवरली जाते.

पहिली, इंजिन ब्रेकिंग. इंजिनाचा रोध गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांतून गुणला जाऊन चाकापर्यंत पोहोचतो. रेशो योग्य केला की हा भाग परत मिळतो.

दुसरी, पायाचा ब्रेक. डिस्क किंवा ड्रम चाकालाच जोडलेला असतो, म्हणजे क्राउन-पिनियनच्या पलीकडे. त्याचा टॉर्क ॲक्सल रेशोने गुणला जात नाही. ब्रेकने चाकावर १००० न्यूटन-मीटर टॉर्क लावला, तर जुन्या टायरवर जमिनीशी सुमारे २७२० न्यूटन बल मिळत होते. नव्या टायरवर ते सुमारे २४०० न्यूटन होते. तेवढेच बल हवे असेल तर ब्रेकला १३ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो, मग ॲक्सलमध्ये ४.१० असो की ४.८८.

इथेच खरा धोका आहे. रेशो बदलल्यावर गाडी चढावर पूर्वीसारखी पळते, म्हणून 'सगळे ठीक झाले' असे वाटते. चढ परत मिळतो, ब्रेक परत मिळत नाही. हा फरक ड्रायव्हरला उतारावरच्या वळणात कळू नये, तो तुम्ही कागदावर आधीच काढलेला असावा.

उंचीचेही तसेच. मोठ्या टायरने ॲक्सल ४९ मिमी वर गेला, त्यात ५० मिमीचे पॅकिंग. चाकांमधील अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी असेल, तर स्थैर्याचे गुणोत्तर १५०० ÷ (२ × ७००) = १.०७. गुरुत्वमध्य ७९० मिमीवर गेला की ते ०.९५ होते. वळणात गाडी लवकर कलते. शिवाय प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात. यातले काहीही गिअरने दुरुस्त होत नाही.

७. निवडीपूर्वी तपासायच्या चार गोष्टी

अ) गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच हवा. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध पीळ भरतात आणि ट्रान्स्फर केस तुटू शकते.

आ) आकडा वाढतो तसा पिनियन लहान होतो, त्याला दात कमी उरतात. ओढ वाढते, पण पिनियनची ताकद घटते.

इ) क्राउन-पिनियन बसवणे हे मोजमापाचे काम आहे. दातांमधला खेळ साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो हे पाहावे लागते. घाईत बसवलेली जोडी आधी गुणगुणते, मग तुटते.

ई) स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर फक्त टायर बदलल्यावर तो ८० दाखवताना खरा वेग सुमारे ९१ असतो. ४.५६ लावल्यावर तो सुमारे ८२ वर येतो. पण वेग चाकावरच्या सेन्सरवरून मोजला जात असेल, तर रेशो बदलून चूक सुटत नाही.

८. कायदा आणि रायपूरमधला रोजचा प्रश्न

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे ही पहिली पायरी.

मग हे गणित शिकायचे कशाला? कारण हाच प्रश्न नवा ट्रक घेताना कायदेशीर रूपात समोर येतो. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या कामानुसार वेगवेगळे ॲक्सल रेशो देतात. खाणीत चालणाऱ्या टिपरला मोठा आकडा लागतो, लांब पल्ल्याच्या ट्रेलरला लहान. रायपूर हे लोखंड-पोलादाचे शहर, इथे दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर दिसतात. टायर, भार आणि रस्ता या तिन्हींचा विचार करून रेशो सुचवणे हे उद्या तुमचे काम असू शकते.

सराव

१. टायर २४५/७५ आर १६ वरून २८५/७५ आर १६ केला. जुना रेशो ३.७३ असेल तर नवा किती हवा? (उत्तर: सुमारे ४.०२)

२. वरील गाडीत ३.७३ च ठेवला आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. तो ६० दाखवत असताना खरा वेग किती? (उत्तर: सुमारे ६४.६ किमी/तास)

३. ब्रेकची डिस्क चाकाऐवजी प्रॉपेलर शाफ्टवर असती, तर रेशो बदलल्याने ब्रेकचे बल परत मिळाले असते का? कारणासह लिहा.