अंक आला का हो?

मासिकाची वर्गणी भरली नसेल तर काय करावे लागते? वाचनालयात चकरा मारायच्या आणि दर वेळी विचारायचे, ‘अंक आला का हो?’ तीन-चारदा ‘नाही’ ऐकल्यावर कधीतरी अंक हाती पडतो. वर्गणी भरली की ही पायपीट संपते.

संकेतस्थळांचेही असेच आहे. समजा, तुम्हाला २० संकेतस्थळांवरचा नवा मजकूर वाचायचा आहे. रोज एकदा प्रत्येक ठिकाणी डोकावायचे तर ३० दिवसांत ६०० चकरा होतात, आणि त्यांतल्या बहुतेक फुकट जातात. म्हणूनच काही स्थळांच्या वरच्या मेनूपट्टीत ‘वर्गणीदार व्हा’ असा दुवा असतो. त्याच्या मागे काय असते आणि तो नीट कसा जोडायचा, ते पाहू.

ठरलेल्या खुणांची यादी

या दुव्यामागे असते एक साधी फाइल. तिला ‘फीड’ म्हणतात. ताज्या दहा-वीस लेखांची ती यादीच असते. प्रत्येक नोंदीत लेखाचे शीर्षक, त्याचा पत्ता, तारीख आणि थोडा सारांश असतो. कोणता भाग शीर्षक आणि कोणता तारीख, हे ठरलेल्या खुणांनी दाखवलेले असते. त्यामुळे माणसाप्रमाणेच संगणकाच्या प्रोग्रॅमलाही ती यादी वाचता येते. नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आणलेली आरएसएस ही अशीच एक पद्धत. तिची २.० ही आवृत्ती २००२ मध्ये आली. ॲटम ही दुसरी पद्धत डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झाली. आज दोन्ही वापरात आहेत.

पोस्टमन उलट दिशेने

मासिकाच्या वर्गणीत आपण आपला पत्ता कळवतो आणि पोस्टमन अंक आणून देतो. फीडमध्ये मात्र उलट घडते. आपण कोणालाच पत्ता देत नाही. आपल्या संगणकावरचा किंवा फोनवरचा फीडवाचक नावाचा प्रोग्रॅम फीडचा पत्ता लक्षात ठेवतो आणि ठरावीक वेळाने स्वतःच तिकडे जाऊन विचारतो, ‘अंक आला का हो?’ म्हणजे चकरा संपत नाहीत. त्या आपल्याऐवजी प्रोग्रॅम मारतो.

मग या चकरांचा भार त्या संकेतस्थळावर पडत नाही का? हिशेब करू. फाइल ५० किलोबाइटची आहे आणि १,००० वाचकांचे प्रोग्रॅम दर तासाला येतात असे धरा. दिवसाला २४,००० फेऱ्या आणि सुमारे १.२ गिगाबाइट माहिती! यावर युक्ती अशी, की प्रोग्रॅम येताना सांगतो, ‘माझ्याकडे अमुक वेळची यादी आहे. त्यानंतर काही बदलले का?’ बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक पाठवतो. त्याचा अर्थ ‘काही बदल नाही’. सबंध यादी पाठवावीच लागत नाही.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांसाठी प्रयोगांचे एक छोटे संकेतस्थळ केले. मेनूपट्टीत फीडचा दुवा टाकला, मुखपृष्ठावर दाबून पाहिला, चालला. आम्ही खूष! दोन महिन्यांनी एका शिक्षिकेने विचारले, “तुमची वर्गणी बंद आहे का? मी तीनदा प्रयत्न केला, ‘पान सापडले नाही’ असे येते.” त्या मुखपृष्ठावर नव्हत्या, भौतिकशास्त्राच्या विभागातल्या एका पानावर होत्या.

कारण साधे होते. दुव्यात आम्ही फक्त फाइलचे नाव लिहिले होते. असा दुवा म्हणजे ‘शेजारचे घर’ असे सांगण्यासारखे आहे. आमच्या गल्लीत ते बरोबर आहे. पण दुसऱ्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला ‘शेजारचे घर’ म्हणजे भलतेच घर. ब्राउझर फाइल भौतिकशास्त्राच्या विभागात शोधत होता, आणि ती होती मुख्य फोल्डरमध्ये. नावाआधी एक तिरकी रेघ दिली की ‘वेशीपासून मोजा’ असा अर्थ होतो, आणि दुवा प्रत्येक पानावरून चालतो. आमचा दोष एका रेघेचा होता. पण त्या दोन महिन्यांत किती जण मुकाट्याने परत गेले, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मेनूपट्टी सगळ्या पानांवर दिसते, म्हणून तिच्यातली चूकही सगळीकडे पोचते.

दोन दुवे हवेत

खरे तर दोन दुवे लागतात. एक माणसासाठी, मेनूपट्टीत दिसणारा. दुसरा प्रोग्रॅमसाठी, पानाच्या शीर्षभागात लिहिलेला पण डोळ्यांना न दिसणारा. तो असला की वाचकाने संकेतस्थळाचा नुसता पत्ता दिला तरी फीडवाचक फीड शोधून काढतो.

दिसणाऱ्या दुव्यावर नुसते नारिंगी चित्र नको, शब्दही हवेत. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबणाऱ्या अंध वाचकाला शब्दच उपयोगी पडतात. शिवाय ‘वर्गणी’ म्हटले की पैसे आठवतात, म्हणून ‘नवे लेख मिळवा (विनामूल्य)’ असे लिहिलेले बरे. दुवा थेट फीडकडेही नेऊ नये. फायरफॉक्सने फीड वाचण्याची सोय डिसेंबर २०१८ मध्ये काढून टाकली. आता ब्राउझरमध्ये फीड उघडले की बहुधा नुसत्या खुणांचे जंगल दिसते. म्हणून मध्ये एक लहान पान ठेवावे आणि फीड कसे वापरायचे ते चार ओळींत सांगावे.

एवढा खटाटोप कशाला?

समाजमाध्यमांवर आपल्यापुढे काय यावे, हे बऱ्याच अंशी त्या कंपनीचा प्रोग्रॅम ठरवतो. फीडमध्ये काय वाचायचे ते वाचक निवडतो. गूगल रीडर हा लोकप्रिय फीडवाचक १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तरी फीड बंद पडले नाही. लोक आपली यादी घेऊन दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेले. पॉडकास्टही याच पद्धतीवर चालतात.

करून पाहा

तुमच्या शाळेचे किंवा आवडीचे एखादे संकेतस्थळ विद्यार्थ्यांसह उघडा. मेनूपट्टीतला प्रत्येक दुवा मुखपृष्ठावरून, एखाद्या विभागातून आणि सर्वांत आतल्या पानावरून असा तीन ठिकाणांहून दाबून पाहा. उत्तरे तक्त्यात मांडा. एखादा दुवा एकाच ठिकाणी चालत असेल, तर कारण मुलांनाच शोधू द्या. आम्हाला ते कळायला दोन महिने लागले होते.