लोंबता चवडा व विजेची पेटी

मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शानें आखडते, हें गॅल्व्हानी यानें १७९१ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच तत्त्वाचा उपयोग आज 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या विकाराच्या रुग्णांस चालतें ठेवण्याकडे होत आहे.

विजेच्या तारेवर रबराचें वेष्टण असावें तसें मेंदू व पृष्ठरज्जु यांतील तंतूंवर मायलिनचें आवरण असतें. या विकारांत शरीराचीच संरक्षक शक्ति तें कुरतडते. निरोप अर्ध्या वाटेंत अडतो. चवडा उचलला जात नाहीं, बोटें जमिनीस घासतात. दापोलीकडील जांभ्या दगडाच्या पाखाडीवरून उतरणारास याचा अर्थ सांगावयास नको. पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायरीवर एक ठेंच पुरे!

पायांतील नस मात्र बहुधा शाबूत असते. उपायाचें मर्म तेथेंच आहे. गुडघ्याखालीं, बाहेरच्या अंगास, चिकट पट्ट्या लावतात. टांच उचलतांच पेटी मंद प्रवाह सोडते व चवडा वर येतो. टांच टेकल्यावर प्रवाह थांबतो. लिबरसन यानें १९६१ सालीं अर्धांगाच्या रुग्णांवर हा प्रयोग वर्णिला. कातडीस मुंग्या येतात, क्वचित् ती लालही होते.

मूळ विकार यानें हटत नाहीं. विजेनें सर्व बरें करूं म्हणणारांपासून दूरच राहावें. हृदयास पेसमेकर असलेल्यांनीं तर डॉक्टरांच्या संमतीवांचून पेटीस हात लावूं नये. १९८५ सालीं मुंबईस स्थापन झालेली 'मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया' रुग्णांस साहाय्य करते. उष्म्यानें लक्षणें तात्पुरतीं बळावतात. यास्तव कोंकणांत चालण्याचा सराव पहांटेच्या गारव्यांतच करावा.