ह्यातच दुसरा रंग!

साडीच्या दुकानात गादीवर बसले की आपण बायका एक वाक्य हमखास बोलतो : "ह्यातच दुसरा रंग दाखवा ना!" पोत तेच, काठ तेच, पदरही तोच, परंतु अंजिरी रंगात जी साडी एखाद्या पोक्त मावशीसारखी दिसते, तीच मोरपंखीत नवरी होऊन समोर येते. शिवाय आपल्या रंगांना नावे आहेत. आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, अबोली, गुलबक्षी! "जरा जांभळट लाल दाखवा" असे कोणी म्हणत नाही. रंगाला नाव मिळाले की त्याला घराणे मिळते, आणि घराणे मिळाले की किंमत चढते.

हे वेड बायकांचेच, अशी घरोघरच्या पुरुषमंडळींची समजूत असते. त्यांच्या माहितीसाठी सांगते की अमेरिकेत लक्षावधी पुरुष आणि मुलगे हेच वाक्य घोकत असतात. आणि तेही साडीसाठी नव्हे, तर पायांतल्या बुटांसाठी!

मुलीकडे ओरेगॉन राज्यात बीव्हर्टनला सहा महिने राहण्याचा योग आला. 'नायकी' ह्या बूट करणाऱ्या कंपनीचे मुख्य ठाणे ह्या गावाला लागूनच आहे. आमचे नातवंड चौदा वर्षांचे. त्याच्या खोलीत जिथे पुस्तके असावीत त्या फळीवर बुटांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या. मी म्हटले, "अरे, बूट उंबऱ्याबाहेर ठेवावेत." तर म्हणतो, "आजी, हे घालायचे नाहीत." मग जे घालायचे नाहीत ते घेतले कशाला? ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात माझे सहा महिने मोठे मजेत गेले.

बास्केटबॉलच्या एखाद्या नामवंत खेळाडूच्या नावाने काढलेल्या बुटाला तिकडे 'सिग्नेचर' बूट म्हणतात. ही चाल तशी जुनी. 'कॉन्व्हर्स' कंपनीच्या कॅनव्हासच्या बुटांवर चक टेलर ह्या गृहस्थांची सही १९३० नंतरच्या काळात उमटली. हे स्वतः खेळाडू होतेच, पण त्यांची खरी करामत विक्रेता म्हणून. गावोगाव मुलांना खेळाचे धडे द्यायचे आणि जाता जाता बूट खपवायचे. ते बूट बराच काळ काळे नाही तर पांढरे, एवढेच. पुढे १९७३ साली 'प्यूमा'ने न्यूयॉर्कचा वॉल्ट फ्रेझर ह्याच्या 'क्लाइड' ह्या टोपणनावाने मखमलीसारख्या मऊ चामड्याचा बूट काढला आणि तो निरनिराळ्या रंगांत मिळू लागला. फ्रेझर कपड्यांचा मोठा शौकीन होता. बुटाचा रंग पोशाखाशी जुळवावा, ही कल्पना पुरुषांच्या गळी उतरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

परंतु खरी कथा सुरू होते ती १९८४ साली, आणि ती एका आईपासून. मायकेल जॉर्डन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याला 'आदिदास'चे बूट आवडत. नायकीकडे जायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याची आई डेलोरिस हिने बजावले की निदान ओरेगॉनला जाऊन त्यांचे म्हणणे ऐकून तर घे. आईने सांगितले म्हणून तो गेला. पुढे १९८५ मध्ये 'एअर जॉर्डन' बाजारात आला, किंमत ६५ डॉलर. तीन-चार वर्षांत तीस लाख डॉलरांचा माल खपला तरी पुष्कळ, असा कंपनीचा हिशेब होता. पहिल्याच वर्षी साडेबारा कोटी डॉलरांहून अधिक खपला! मुलांनी आईचे ऐकावे, हे सांगायला मला ह्याहून चांगले उदाहरण मिळाले नाही. नातवाला मी ते लगेच ऐकवले. त्याने खांदे उडवले, ही गोष्ट वेगळी.

ह्या यशात रंगाचा भाग किती होता पाहा. त्या काळी एन.बी.ए. ह्या व्यावसायिक बास्केटबॉल मंडळाचा दंडक असा, की खेळाडूचे बूट मुख्यतः पांढरे असावेत आणि संघातल्या इतरांशी जुळावेत. जॉर्डन काळ्या-लाल बुटांत उतरला. मंडळाने हरकत घेतली, १९८५ च्या फेब्रुवारीत तसे पत्रही गेले. जाणकारांचे म्हणणे असे की हरकत आली ती 'एअर शिप' नावाच्या त्याआधीच्या बुटावर. पण जाहिरातवाल्यांना त्याचे काय? मंडळाने हे बूट मैदानाबाहेर काढले, पण तुम्ही घालायला कोणाची बंदी नाही, अशा आशयाची जाहिरात त्यांनी झळकवली आणि काळा-लाल रंग हा बंडखोरीचा रंग ठरला. 'ब्लॅक' आणि 'रेड' मिळून संग्राहक त्याला 'ब्रेड' म्हणतात. खायच्या पावाशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी की ज्या दंडकामुळे हे सारे घडले, तो रंगाचा दंडक मंडळाने २०१८ सालच्या हंगामापासून काढूनच टाकला. आता खेळाडू शेंदरी घालोत की पोपटी!

एकाच घडणीच्या बुटाच्या अशा प्रत्येक रंगसंगतीला तिकडे 'कलरवे' म्हणतात. आपल्या साडीच्या दुकानातला 'ह्यातच दुसरा रंग' तो हाच. फरक एवढाच की चिंतामणी रंगामागची कथा आपण विसरलो आहोत आणि त्यांच्या रंगामागची कथा पेटीवर छापलेली नसली तरी चौदा वर्षांच्या पोरालाही पाठ असते.

कोबी ब्रायंट २०१० च्या नाताळच्या दिवशी झगझगीत हिरव्या बुटांत खेळला. बुटाच्या पाठीवर सापाच्या खवल्यांसारखी नक्षी, कारण 'ब्लॅक माम्बा' ह्या विषारी सापाचे नाव त्याने स्वतःला घेतले होते. नाताळचा द्वेष करणारा 'ग्रिंच' नावाचा एक हिरवा प्राणी अमेरिकन मुलांच्या गोष्टीत आहे. लोकांनी बुटाला तेच नाव ठेवून दिले. २०२० च्या जानेवारीत ब्रायंट आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी हेलिकॉप्टरच्या अपघातात गेली. त्यानंतर ह्या हिरव्या जोडाकडे पाहण्याची लोकांची नजरच बदलली. नातू तो जोड दाखवताना आवाज खाली आणून बोलत होता. कुणाचा तरी फोटो दाखवावा तसा.

मला सर्वांत भावला तो केव्हिन ड्युरंटचा गुलाबी जोड. सहा फूट दहा इंचांचा, अगडबंब उंचीचा हा खेळाडू, आणि बूट अगदी आपल्या गुलबक्षीच्या फुलांसारखे! त्याच्या लहानपणी त्याला सांभाळण्यात हातभार लावणारी पर्ल नावाची त्याची आत्या-मावशीपैकी कोणी होती. (इंग्रजीत दोघींना एकच शब्द, ह्या बाबतीत त्यांची भाषा फार कंजूष.) २००० साली ती फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. २०१२ पासून ड्युरंटच्या बहुतेक प्रत्येक नव्या बुटाचा एक रंग तिच्या नावाने निघत आला आहे : 'आन्ट पर्ल'. आपल्याकडे श्राद्धाला पान वाढतात. हा माणूस तिच्या आठवणीने बूट काढतो. हसू नका. ह्या दोन गोष्टींत मला तरी फारसे अंतर वाटले नाही.

ह्याच जातीची आणखी एक हकीकत. बीव्हर्टनशेजारच्या पोर्टलंड शहरात डर्नबेकर नावाचे मुलांचे इस्पितळ आहे. २००४ पासून नायकीने तिथल्या काही आजारी मुलांना बोलावून सांगितले की तुम्ही स्वतःच एकेक बूट सजवा. कोणी आपल्या आवडत्या खेळाचे रंग घेतले, कोणी शस्त्रक्रियेची खूण चितारली, कोणी आपल्या लाडक्यांची नावे आत लिहिली. २०११ सालच्या एका काळ्या जोडावर तर उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण जंबुपार किरणांचा दिवा धरला की अक्षरे उमटतात. ह्या बुटांचा नफा इस्पितळाला जातो आणि आजवर तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आहे. कंपनीची जाहिरात होते, हे खरे. होऊ द्या! एखाद्या मुलाने आपल्या दुखण्याला रंग द्यावा आणि हजारो लोकांनी तो पायांत मिरवावा, हे मला मोठे अपूर्व वाटले.

आता ह्या कौतुकाची दुसरी बाजू. तीही सांगितलीच पाहिजे. १९८९ मध्ये मेरीलंड राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाचा गळा दाबून खून झाला. कशासाठी? त्याच्या पायांतल्या, पंधरवड्यापूर्वी घेतलेल्या एअर जॉर्डनसाठी. पुढच्या वर्षी एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकाने ह्या प्रकारांवर मुखपृष्ठकथा छापली, तेव्हा जॉर्डनलाही रडू आवरेना. तरी हाव काही ओसरली नाही. २०११ च्या नाताळच्या तोंडावर 'कॉन्कॉर्ड' नावाचा पांढरा आणि चकचकीत काळा जोड पुन्हा निघाला, तेव्हा गावोगावच्या दुकानांपुढे पहाटेपासून झुंबड उडाली. सिअ‍ॅटलजवळ पोलिसांना लोकांवर तिखट फवारे मारावे लागले. माल कमी काढायचा, तारीख आधी जाहीर करायची आणि मग गर्दीबद्दल हळहळायचे, ह्या धोरणाला मी तरी व्यापारी कावाच म्हणेन. हल्ली पुष्कळसे जोड फोनवर सोडत काढून देतात, त्यामुळे धक्काबुक्की कमी झाली. काळाबाजार मात्र उजळ माथ्याने चालतो. २०१६ पासून तर शेअरबाजारासारखे बुटांचे भाव वरखाली होताना दाखवणारी बाजारपेठच उघडली आहे.

आणि भाव तरी काय! १९९८ च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने घातलेला 'ब्रेड' रंगाचा एक जोड २०२३ साली सदबीज ह्या लिलावघरात बावीस लाख डॉलरांना गेला. म्हणजे तेव्हाचे सुमारे अठरा कोटी रुपये. घामाचे डाग असले तर किंमत वाढते म्हणे! मी आयुष्यभर घामट बूट उन्हात टाकीत आले.

बायकांना ह्या दुनियेत जागा उशिरा मिळाली. शेरिल स्वूप्स ही पहिली. १९९५ साली 'एअर स्वूप्स' निघाला. तिची नखे लांब असत, म्हणून ती न मोडता बूट ओढता यावा असा मोठा बंद त्याला मागे ठेवला होता. बाई कोणतीही असो, नखांची काळजी तीच! पुढे अधूनमधून काही जणींचे बूट निघाले आणि मग सुमारे दहा वर्षे कोणाचाच नाही. २०२२ पासून पुन्हा सुरुवात झाली. २०२५ मध्ये एजा विल्सनचा गुलाबी रंगाचा पहिला जोड काही मिनिटांत संपला.

हे लोण आपल्याकडेही आले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीला एन.बी.ए.च्या दोन संघांचे सामने झाले, आणि आता मुंबई-पुण्याची मुले 'ब्रेड', 'ग्रिंच' ही नावे घरच्या माणसांसारखी घेतात. तुमच्या घरी असा हट्ट निघालाच तर एवढे लक्षात ठेवा : गाजलेला रंग अगदीच स्वस्त मिळत असेल तर तो बहुधा नकली. चीनमधल्या पुतिएन शहरात नकली जोड इतके हुबेहूब बनतात की शिलाई, पेटी, वास, सारे तपासावे लागते. आणि ज्याला बूट खेळायलाच हवेत त्याने त्याच घडणीचा कमी नावाजलेला रंग घ्यावा. पाय सारखेच राहतात, पैसे निम्म्याहून कमी पडतात.

आता 'घालायचे नाहीत' त्या बुटांविषयी. न वापरलेल्या कोऱ्या जोडाला संग्राहक 'डेडस्टॉक' म्हणतात. आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ह्याच शब्दाचा अर्थ न खपलेला, गळ्यात पडलेला माल. इथे तो सर्वांत महाग! पण ह्या कोऱ्या मालाला एक शाप आहे. पुष्कळशा जुन्या जॉर्डनच्या तळव्यात पॉलियुरेथेन नावाचा फेसासारखा पदार्थ असतो. हवेतल्या दमटपणाने त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. पंधरा-वीस वर्षांनी पेटी उघडावी तर बूट वरून नवा कोरा, आणि पाय घालून दोन पावले टाकली की तळवा शिळ्या केकसारखा भुगा होऊन खाली! पारदर्शक तळवे असतात ते पिवळे पडतात, ते निराळेच. अनुभवी संग्राहक सांगतात की अधूनमधून घातलेला बूट जास्त टिकतो, कारण चालताना तळवा दाबला जातो आणि आतला ओलावा बाहेर पडतो.

नातवाने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "अरे, हे तर पैठणीचे!" पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ट्रंकेत ठेवली की ती घडीवर विरते, म्हणून आपण ती मधूनमधून काढतो, घडी मोडतो, लग्नाकार्यात नेसतो. आणि अंग विरलेच तर जरीचे काठ काढून नव्या कापडाला लावतो. त्यांच्याकडेही हा उपाय आहे : जुन्या बुटाचे वरचे अंग तसेच ठेवायचे, आणि त्याच घडणीच्या नव्या जोडाचा तळवा काढून त्याला चिकटवायचा. हे काम करणारे खास कारागीर आहेत. आधी जुना डिंक खरवडायचा, मग बूट साच्यावर चढवून तळवा बसवायचा आणि दाबून ठेवायचा. मजुरी पुष्कळदा साध्या नव्या बुटाइतकी पडते, आणि वर एका नव्या जोडाचा बळी जातो तो वेगळाच.