अठ्ठेचाळीस व्होल्टांचे घर

छपरावरचे सौर पॅनेल जो एकदिश प्रवाह, म्हणजे व्यवहारातला डीसी, निर्माण करते, तोच बॅटरी साठविते आणि एलईडी दिवा किंवा मोबाइल यांनाही अखेर तोच लागतो. तथापि मधल्या मार्गात इन्व्हर्टर त्याला प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, करतो, उपकरणाचा अ‍ॅडॉप्टर पुन्हा मूळ पदावर आणतो, आणि या दुहेरी जकातीत विजेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने नाहक खर्ची पडतो. चालू चार्जरला हात लावावा. ती ऊब त्या जकातीचीच.

ही जकात टाळण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरापुरती ४८ व्होल्टांची डीसी व्यवस्था सिद्ध केली. हा आकडा लहरीने ठरलेला नाही. तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टांवर चौपट प्रवाह लागतो आणि तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच तारेत ते सोळापट होते. उलट व्होल्टता फार चढविली, तर धक्क्याचे भय वाढते.

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर या व्यवस्थेवर चालणारा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा, पंखा तीसच्या आसपास. मात्र या बचतीचे श्रेय मुख्यतः मोटरच्या रचनेचे, आणि ती २३० व्होल्टांच्या घरातही पदरात पडते. इतक्या कमी व्होल्टांवर फार मोठा प्रवाह लागत असल्याने गिझरला तर या व्यवस्थेत जागाच नाही. शिवाय डीसी प्रवाह एसीसारखा वारंवार शून्यावर येत नसल्याने बटण बंद करताना ठिणगी रेंगाळते. म्हणून बटणे डीसीसाठीचीच घ्यावीत.