ग्लायकोजन संश्लेषणाचा आरंभ आणि ग्लायकोजेनिनचे कार्य

प्रस्तावना :
आहारातून मिळालेले अतिरिक्त ग्लुकोज शरीरात मुख्यतः यकृत व स्नायूंमध्ये ग्लायकोजनच्या रूपाने साठविले जाते. सुटे ग्लुकोज साठल्यास पेशीतील परासरण दाब वाढेल. हजारो घटक एकाच रेणूत गुंफल्याने तो धोका टळतो. क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजन वेगळे केले. तथापि त्याच्या निर्मितीचा आरंभ कसा होतो, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ अनुत्तरित होता.

आरंभाचा पेच :
यूडीपी-ग्लुकोज हे ग्लुकोजचे क्रियाशील रूप होय. अर्जेंटिनातील शास्त्रज्ञ लुइस लेलॉइर यांना अशा शर्करा-न्यूक्लिओटाइडांच्या शोधाबद्दल १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्लायकोजन सिंथेज हे विकर यूडीपी-ग्लुकोजमधील ग्लुकोज साखळीच्या टोकाला जोडते. मात्र ते असलेली साखळी केवळ वाढवू शकते, नवी सुरू करू शकत नाही. मग पहिली साखळी कोठून येते?

ग्लायकोजेनिनचे कार्य :
१९८० च्या दशकातील संशोधनातून ग्लायकोजेनिन हे प्रथिन पुढे आले. ते स्वतःच विकर आणि स्वतःच आधारद्रव्य असते. आपल्यातील टायरोसिन या अमिनो आम्लावर ते पहिले ग्लुकोज बसविते व क्रमाने सुमारे दहा घटकांची साखळी रचते. त्यानंतर सिंथेज ही साखळी अल्फा-१,४ बंधांनी वाढविते, तर शाखाकारी विकर अल्फा-१,६ बंधांनी फांद्या निर्माण करते. ग्लायकोजेनिन मात्र रेणूच्या केंद्रस्थानीच राहते.

पुनर्विचार :
या विवेचनावरून ग्लायकोजेनिनशिवाय ग्लायकोजन अशक्य आहे, असा निष्कर्ष काढला जात असे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लायकोजेनिनचे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांपैकी बहुतेक जन्माच्या सुमारास दगावले. परंतु जगलेल्यांच्या स्नायूंत ग्लायकोजन होते, इतकेच नव्हे तर ते नेहमीपेक्षा अधिक होते. साठा वाढूनही त्यांची व्यायामक्षमता मात्र घटली होती. ग्लायकोजेनिन-१ च्या अभावाने होणाऱ्या मानवी स्नायुविकारातही सदोष बहुशर्करेचा संचय आढळतो.

समारोप :
साखळी सुरू करणे व वाढविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, हे तत्त्व कायम आहे. आरंभासाठी ग्लायकोजेनिन अपरिहार्य आहे, हे विधान मात्र आता निरपवाद राहिलेले नाही. साठ्याचे प्रमाण व रचना यांच्या नियमनातही त्याचा वाटा असल्याचे दिसते. म्हणून हा घटक शिकविताना प्रस्थापित यंत्रणेबरोबरच तिची मर्यादाही विद्यार्थ्यांसमोर मांडणे उचित ठरेल.