हमरापूरचे मूर्तिकार : प्रतिश्याय आणि तमकश्वास

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर परिचित आहेत. ज्येष्ठ-आषाढ लागला की येथील कारखान्यांत रात्रीही दिवे जळतात. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे एक ठरावीक तक्रार घेऊन रुग्ण येतात. सकाळी उठताच शिंकांची माळ, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज आणि "सर्दी काही केल्या हटत नाही" हे गाऱ्हाणे. या 'सर्दी'च्या मागे दडलेला तमकश्वास वेळीच कसा ओळखावा, याविषयी व्यवसायबंधूंशी विचारविनिमय करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. रंगकाम करणारा एक तरुण कारागीर आषाढात आमच्याकडे आला. वातकफज प्रतिश्यायाचे निदान करून आम्ही औषधे दिली. आठवड्यात नाक मोकळे झाले. पहाटे खोकल्याने जाग येते, असे तो जाता जाता बोलला होता. आम्ही तो धागा पकडला नाही. पूर्वी कोणी दिलेला इनहेलर त्याने बरे वाटते म्हणून आपणहून बंद केला होता. तेही आम्ही विचारले नाही. श्रावणात एका मध्यरात्री त्याला श्वासाच्या तीव्र वेगात रुग्णालयात न्यावे लागले, प्राणवायू द्यावा लागला. तो वाचला, परंतु नाकाची चिकित्सा करताना उरःस्थानाकडे पाहिले नाही, ही खंत आमच्या मनातून गेली नाही.

मार्ग एकच

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमकश्वासाची संप्राप्ती सांगताना प्रतिलोम झालेला वायू कफाला उदीरित करून पीनस उत्पन्न करतो, असे म्हटले आहे. म्हणजे नाक आणि छाती यांचा संबंध त्यांनी संप्राप्तीतच जोडला. हेतूंमध्ये रज, धूम, वारा, शीत स्थान व शीत जल यांचा उल्लेख आहे. प्रतिश्यायाच्या हेतूंतही रज आहेच. मूर्तीच्या कारखान्यात पॉलिश पेपरने घासताना उडणारी प्लास्टरची पूड, काथ्याचे तंतू, फवारणीच्या रंगांतील द्रावकांची वाफ आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या कागदाने बंद केलेल्या शेडमधील दमट हवा, हे सर्व हेतू एकाच छपराखाली नांदतात.

आधुनिक शास्त्रही याच निष्कर्षाला पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९९ मध्ये भरलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एरिया' कार्यशाळेच्या अहवालाने 'एक श्वसनमार्ग, एक व्याधी' ही कल्पना रुजवली. त्या परंपरेतील अहवालांनुसार ॲलर्जिक ऱ्हायनायटिसच्या १५ ते ३८ टक्के रुग्णांना दमा आढळतो. कारणही सरळ आहे. नाक हवा गाळते, उबदार व ओलसर करते. नाक बंद झाले की रुग्ण तोंडाने श्वास घेतो आणि न गाळलेली कोरडी हवा थेट खाली उतरते. शिवाय वरच्या श्लेष्मल त्वचेतील शोथ वरच थांबत नाही.

विचारावयाचे प्रश्न

जुन्या सर्दीच्या प्रत्येक रुग्णास चार प्रश्न विचारावेत. रात्री वा पहाटे खोकला, घरघर होते का? छाती आवळते का? इनहेलर होता का, आणि तो कोणी बंद केला? सुटीच्या दिवशी वा गणेशोत्सवानंतर बरे वाटते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास व्यवसायजन्य दम्याचा संशय घ्यावा. पीक फ्लो मीटर स्वस्त आहे. कामावर असताना आणि नसताना दोन-तीन आठवडे नोंदी ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी चुकवू नये.

चिकित्सेचा क्रम

निदानपरिवर्जन प्रथम. हंगाम सोडून घरी बसा, हे सांगणे सोपे. परंतु कारागिराचे वर्षाचे पोट त्या महिन्यांवर असते. म्हणून आम्ही कारखानदाराशी बोलून रुग्णास घासकाम व फवारणीऐवजी डोळ्यांच्या आखणीचे काम द्यावयास सुचवतो. कोरडे झाडण्याऐवजी ओले पुसावे, हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा. तोंडावरचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. धुळीसाठी एन-९५ मुखपट्टी, तर द्रावकांच्या वाफेसाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. शाडूची माती पाण्याला सौम्य असेल, पण सुकलेली मूर्ती घासताना उडणारी तिची धूळ श्वसनमार्गाला सौम्य नसते.

शमनासाठी बलानुसार सितोपलादि, तालीसादि, हरिद्राखंड, वासा, कंटकारी, अगस्त्य हरीतकी यांची योजना करावी. अणुतैलाचे नस्य चरकांनी प्रावृट्, शरद व वसंतात, आकाश निरभ्र असताना सांगितले आहे. नवप्रतिश्यायात वा श्वासाच्या वेगात ते देऊ नये. तमकात विरेचन प्रशस्त मानले आहे. गणेशोत्सवानंतर येणारा शरद ऋतू हा विरेचनाचाही काळ आणि मूर्तिकाराचा कामाचा ताण उतरण्याचाही. बलवान रुग्णात ही संधी साधावी.

मात्र चालू इनहेलर आपल्या औषधाच्या भरवशावर थांबवू नये. रुग्ण एका श्वासात पूर्ण वाक्य बोलू शकत नसेल, श्वसनगती ३० वर, नाडी १२० वर, प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल, तर क्वाथाची वाट न पाहता रुग्णालयात धाडावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. तेच थेंब वारंवार मागणाऱ्यास वैद्याकडे पाठवावे. श्वासकुठारात बचनाग व मनःशिला असल्याने तो सल्ल्याविना देऊ नये. सोमकल्प रक्तदाबाच्या रुग्णास देऊ नये. 'दम्यावर एका पुडीत आराम' देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. त्या दुकानात ठेवूच नयेत.

आमचा तो कारागीर आता आखणी करतो, इनहेलर नियमित घेतो आणि दर शरदात विरेचनासाठी येतो. त्याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत आम्ही लिहून ठेवले आहे : 'पहाटेचा खोकला विचारणे.'